ओलेनाच्या घरातली पुरचुंडी

"तुम्ही रशियाच्या ना?" हे मी तिला विचारलेलं पहिलं वाक्य, आणि त्याच वाक्यावर आमची जागा हातची जाणार होती.

विरारच्या एका शाळेत मला इतिहास शिकवायची नोकरी लागली होती. नवरा मुंबईला जाणारा. आम्ही मूळचे कराडकडचे, इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. कुणीतरी सांगितलं, आगाशीत डॉक्टर सुहासच्या वाडीत मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. गेले तर विहिरीवर एक उंच, हाडापेराची गोरी बाई पाणी काढत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस वाळलेल्या केळीच्या सोपटासारखे. माझा प्रश्न ऐकून तिनं बादली अशी ठेवली की अर्धं पाणी माझ्या चपलांवर आलं.

"रशियाची नाय. युक्रेनची. परत चुकू नको, तर खोली देते."

मला हसूच फुटलं. गोऱ्या बाईच्या तोंडून असली ठसक्यातली, इथल्या वाड्यांमधली वाडवळी बोली मी जन्मात ऐकली नव्हती. ती मात्र हसली नाही. आतून तिच्या सासूबाई, सुमतीकाकी, ओरडल्या, "दे गं खोली तिना, मास्तरीण दिसते," आणि आम्ही तिथं राहायला गेलो ते पुढची नऊ-दहा वर्षं.

तिचं नाव ओलेना, पण सगळं आगाशी तिला 'रशियन वहिनी' म्हणायचं. भाजीवाली, पोस्टमन, अर्नाळ्याच्या बसचा कंडक्टर, सगळे. त्यात कुणाचा वाकडा हेतू नव्हता. पण ही प्रत्येकाला दुरुस्त करायची. न चुकता, दर वेळी. डॉक्टर सुहास सोव्हिएत काळात शिष्यवृत्तीवर कीव्हला डॉक्टरकी शिकायला गेले होते, तिथून पदवी आणि ही, दोन्ही घेऊन आले. स्वभावानं गरीब माणूस. ते म्हणायचे, "जाऊ दे ना. त्यांना काय फरक कळणार?"

या 'जाऊ दे'नं ती पेटायची.

"तुना कोनी गुजराती म्हनला तर?"

"ते वेगळं."

"का वेगळं? सांग ना. का वेगळं?"

मग संध्याकाळपर्यंत त्या घरात भांड्यांशिवाय कुणी बोलायचं नाही. भिंत एकच असल्यानं ती शांतता आमच्याही स्वयंपाकघरात यायची आणि मी उगाच दबक्या पावलांनी वावरायची.

तिची मराठी कशी, तर थेट काकींची. दुसरीकडे कुठं शिकलीच नव्हती. गंमत अशी, की ज्या घरात मुलगा डॉक्टर झाल्यापासून 'शुद्ध' बोलू लागला होता, आणि पाहुण्यांसमोर आईनं तोंड उघडलं की कावराबावरा व्हायचा, त्या घरात बोली टिकवली ती या परदेशी सुनेनं. एकदा दादरची पाहुणेमंडळी आली होती. ओलेना म्हणाली, "मना च्या नको, पानी दे." पाहुण्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टर हलकेच म्हणाले, "जरा नीट मराठी बोल."

ओलेना उठून उभी राहिली. "माझ्या आजीना पन असाच सांगत. बापाची आई, गावात होती. माझा बाप इंजिनियर, शहरात राहनार, रशियन बोलनार. गावाला गेला की आपल्याच आईना सांगे, पोरीशी ही भाषा बोलू नको, ही गोठ्यात ठेव. मग ती मना गोठ्यात नेई. गायीच्या आडोशाला बसून गोष्टी सांगे. सगली भाषा मी गायीच्या पाठीमागे शिकले." एवढं बोलून ती काकींचा हात धरून पाहुण्यांच्या मधोमध बसली. काकी मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. चहा कुणालाच गेला नाही.

मी इतिहासाची. मला वाटायचं, आपल्याला या विषयातलं दोन दाणे जास्त कळतं. एकदा म्हटलं, "अगं, पण इतकी वर्षं एकाच राज्यात होता. शाळा दिल्या, कारखाने दिले. वेगळेपण उरलं कुठं?" ती केळीची पानं कापत होती. कोयता थांबला.

"आमी कोन ते आमना त्यांनीच शिकवला," ती म्हणाली. "झार होता तेव्हा आमच्या भाषेत पुस्तक छापायला बंदी. मग दुसरे आले, ते म्हनाले, छापा, पन आमी सांगू तेच. आनि रोज सांगत, तुमी वेगले नाय, आमचेच धाकटे भाऊ. आता मना सांग, तू तुझ्या आईची पोर हे तुना रोज कोनी सांगते काय? जी गोष्ट रोज सांगावी लागते, तिच्यात कायतरी खोटं असते."

 तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही.

पण तिचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिनंच एकदा सांगितलं. दोघंच असताना नवऱ्याशी ती रशियन बोलायची, कारण तिकडच्या भाषांतली त्यांना तेवढीच यायची. सहा वर्षं कीव्हमध्ये राहून त्यांना युक्रेनियनचा शब्द येत नव्हता. दोष त्यांचा नव्हता, शहरात तेव्हा ती कानावरच पडायची नाही. हिशेब ती रशियनमध्ये करायची. फार चिडली की भांडायचीही रशियनमध्येच, आणि भांडता भांडता आपण कुठल्या भाषेत भांडतोय हे लक्षात आलं की आणखी भडकायची. "माझा राग पन माझा नाय," म्हणाली होती. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला पहिल्यांदा तिची भीती न वाटता माया वाटली.

काकींचं आणि तिचं मेतकूट होतं, पण ते सुरुवातीपासून नव्हतं. आगाशीला आल्यावर त्यांचं पुन्हा वैदिक पद्धतीनं लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं, हा आपल्याकडचा रिवाज. काकींनी हौसेनं 'ऊर्मिला' ठरवलं होतं. भटजींनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांनी ते लिहिलं. ओलेनानं विचारलं, हे काय? कळल्यावर तिनं तळहातानं सगळे तांदूळ विस्कटून टाकले. मांडवभर माणसांदेखत. शाळेच्या दाखल्यावर तिला रशियन वळणानं येलेना केलं होतं, वडील लेना म्हणायचे, आणि आता हे तिसरं. ओलेना म्हणणारी माणसं दोनच, गोठ्यातली आजी आणि आई. आईचं तर नवलच होतं. ती जन्मभर कडक रशियन बोलली, पण हे एक नाव तेवढं तिनं कधी रशियन होऊ दिलं नाही. का, ते ओलेनालाही ठाऊक नव्हतं.

काकी वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस विहिरीवर ओलेनानं विचारलं, "आई, तुमचं पयलं नाव काय होता?" काकी मला सांगायच्या, "चाळीस वर्सांत कोनी विचारला नाय गं. ना नवऱ्यानं, ना पोरानं. मीच विसरत आलेले." माहेरच्या त्या चांगुणा होत्या.

तिकडे सोव्हिएत संघ फुटला, पगार थांबले, ओलेनाचे वडील वारले. आई एकटी राहिली. तिला इकडे आणायचं ठरलं, आणि तेव्हापासून ओलेनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आनंद होताच, पण त्यापेक्षा घाई जास्त. "माझ्या आईचा गाव कुठला मना ठाव नाय," ती म्हणाली. "ती सांगते, मी अनाथाश्रमातली, मना कोनी नव्हता. खोटं बोलते. कोनी नसते असं असते काय? तिच्या बापाचा नाव मना पायजे. ती सत्तरीला आली. ती गेली की सगला गेला. मग मी मीराना काय देऊ?" मीरा तिची मुलगी, तेव्हा सात वर्षांची.

ओलेनाची आई, हान्नाबाई, आल्या. ठेंगण्या, डोक्याला रुमाल, हात कायम मांडीवर एकमेकांत धरलेले. कुणी काही विचारलं की आधी उठून खिडक्या लावायच्या. आगाशीच्या उकाड्यात, केळीच्या वाडीत, जिथं ऐकायला फार तर म्हैस, तिथं! ओलेना खिडक्या उघडायची, त्या लावायच्या. ओलेना मुद्दाम युक्रेनियनमध्ये विचारायची, त्या रशियनमध्ये उत्तर द्यायच्या. शब्द मला कळत नव्हते, पण दोघींचे सूर वेगळे ऐकू यायचे. एकीचा ओढणारा, दुसरीचा दार लावून घेणारा. मीराशी ओलेना आपल्या भाषेत बोलली की हान्नाबाई तिच्या दंडाला चिमटा काढायच्या. साठ वर्षांपूर्वीचा कोण पहारेकरी त्यांना अजून दारात दिसत होता, देव जाणे.

जेवताना पावाचा तुकडा खाली पडला तर त्या तो उचलून ओठांना लावायच्या. काकींना हे आवडलं. आपणही सांडलेलं अन्न डोळ्यांना लावतोच की. सुकेळी, ही आगाशीची वाळवलेली केळी, तर त्यांना जीव की प्राण. खायच्या थोडी, ठेवायच्या जास्त. "टिकते ना," ओलेना सांगायची. दोघी विहिणी शब्दावाचून ओसरीवर बसून वाल सोलायच्या. वाटलं, आता घर निवळेल.

गणपतीच्या आधी साफसफाई निघाली. मीरा चार-पाच दिवस तापानं पडली होती, ताप उतरत नव्हता, डॉक्टरही काळजीत होते. दुपारी पोरीला माझ्या मांडीवर देऊन काकींनी तिची गादी उन्हात घालायला उचलली आणि किंचाळल्या.

गादीखाली पुरचुंडी होती. पांढरं फडकं, काळ्या दोऱ्यानं आवळलेलं. आत तांदूळ, थोडे गहू, वाळलेला पावाचा तुकडा.

आपल्याकडे आजारी पोरीच्या अंथरुणाखाली अशी पुरचुंडी सापडली की तिचा अर्थ एकच. काकींनी घर पालथं घातलं. पेटीमागे एक, पिठाच्या डब्याआड एक, देवघराच्या फळीखाली एक. काकींचे ओठ पांढरे पडले. "करनी! माझ्या घरात करनी! पोरीच्या उशाला!" आणि त्यांची नजर हान्नाबाईंवर गेली. घरात नवं माणूस तेच होतं.

गड्याला त्यांनी चांदीप गावाला पिटाळलं, भगताला आणायला. तेवढ्यात डॉक्टर दवाखान्यातून जेवायला आले आणि भडकले. "माझ्या घरात भगत येणार नाही!" मग सासूकडे बघून बायकोवर उलटले, "हिला विचार हा काय प्रकार आहे. नाहीतर पुढच्या विमानानं परत पाठव." शिकलेला माणूस, भुतावर विश्वास नाही, पण पुरचुंडीला हात लावला नाही त्यांनी.

ओलेना आईपुढे गुडघ्यांवर बसली. विचारलं. हान्नाबाईंनी मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. ओलेना रशियनमध्ये ओरडली, एवढ्या जोरात की मीरा रडायला लागली. मला तिथून उठता येईना, पोर मांडीवर होती.

मीराचं रडणं ऐकून हान्नाबाई उठल्या. एकेक खिडकी लावली. दार लावलं. वीज गेलेली, पंखा बंद, खोलीत काळोख. पलंगावर बसल्या आणि बोलायला लागल्या.

ओलेना दचकली. "ती... ती आमच्या भाषेत बोलते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "पयल्यांदा." मग काकींकडे वळून ती वाक्यावाक्याला सांगू लागली. तिच्याकडे मराठी होती ती काकींचीच, तिच्यातच सांगितलं.

"ती सांगते, आमचा गाव गव्हाचा. त्या साली सरकारची मानसं घराघरात आली. हातात लोखंडाच्या सळया. जमिनीत खुपसत, भिंतीत खुपसत. गहू नेला, बटाटे नेले, बियानं पन नेलं. बापाना नेलं, तो परत नाय आला. गाव सोडून जायला बंदी... आई थोडे थोडे दाने फडक्यात बांधून लपवी. एका जागी नाय. एक सापडली तरी बाकीच्या ऱ्हातील. पोरांना सांगितला नाय. पोरं बोलून टाकतात... मग आईच गेली. मी आनि धाकटा भाऊ ऱ्हायलो. झाडाची साल खाल्ली. भाऊ गवताच्या गादीवर पडलेला, उठेना. एक दिवस हाक मारली, तो बोलला नाय. त्याना न्यायला गाडी आली. उचलला, तर गादी पन उचलली गेली, आनि..."

ओलेना थांबली. हान्नाबाई बोलत होत्या, पण तिच्या तोंडून पुढचं निघेना.

"काय झाला? गादीखाली काय होता?" काकींनी विचारलं. आणि मग त्यांनी आपल्याच हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं. "गादीखाली व्हती," त्या स्वतःच म्हणाल्या आणि ती ओटीत घेऊन खाली बसल्या.

त्या दाण्यांवर हान्नाबाई जगल्या. पुढे अनाथाश्रम. तिथं गावची भाषा बोलायची नाही, भुकेचं नाव काढायचं नाही, घरच्यांविषयी विचारलं तर कुणी नव्हतं म्हणायचं. त्यांनी तेच म्हटलं, नवऱ्याला म्हटलं, मुलीला म्हटलं. पोर आजारी पडली तेव्हा मात्र राहवलं नाही, तिच्या गादीखाली दाणे ठेवले.

रशियन राज्यक्रांती मी किती वर्षं शिकवली असेल, पण एकोणीसशे बत्तीस-तेहतीसच्या या उपासमारीची ओळही माझ्या पुस्तकात नव्हती. या बाईंसमोर मला माझ्या फळ्याची, खडूची लाज वाटली, दुसरं काय सांगू.

काकी उठल्या. भगताला वाटेतूनच परतवायला डॉक्टरांना पाठवलं. पुरचुंडीची गाठ नीट आवळली, गादी आत आणून घातली, पुरचुंडी होती तिथंच ठेवली आणि मीराला माझ्या मांडीवरून घेतलं. "बाय, हिकडे बघ. ही तुझ्या आजीची. कदी भूक लागली, घरात कोनी नसला, तर हिथं हाय. आलं ध्यानात? हिथं." मग विहिणीकडे वळून म्हणाल्या, "सांगाया लागते बाय. नाय सांगितला तर दाने असून मानूस मरते." हान्नाबाईंना एक अक्षर कळलं नसणार. तरी त्या रडल्या.

मीराचा ताप दोन दिवसांत उतरला. हिवताप होता.

सर्वपित्री अमावास्येला काकींनी पानं वाढली. आपल्या घरातली झाल्यावर आणखी पानं मांडली आणि ओलेनाला म्हणाल्या, "विचार तुझ्या आईना. नावं काय?" हान्नाबाई सवयीनं खिडकीकडे निघाल्या. काकींनी त्यांचा हात धरला. दोघी तशाच उभ्या. 

"स्तेपान," हान्नाबाई म्हणाल्या. बापाचं. "इवास." भावाचं.  मग आईचं नाव घेतलं.

"ओलेना."

माझी ओलेना हातात वरणाची वाटी घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली आणि आईकडे बघत राहिली. सगळं पुसून टाकलेल्या त्या बाईनं एवढं एकच, मुलीच्या नावात लपवून, पार आणलं होतं. काकी स्वतःच्या तोंडावर हात मारून म्हणाल्या, "आनि मी ते ताटात बदलायला निघालेले गं!"

पुढे हान्नाबाई आपल्या देशी परत गेल्या आणि तिकडेच वारल्या. आम्ही बोळिंजला फ्लॅट घेतला. येणंजाणं कमी झालं. काकी गेल्या तेव्हा मी कराडला होते, निरोप उशिरा मिळाला. जिवाला लागून राहिलं. म्हणून त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला शाळेतून परस्पर आगाशीची बस धरली.

फाटकाशी पोचले, तर वाडीच्या दगडी गडग्यावर पानं मांडलेली. मीरा कॉलेजात जाणारी उंच पोर झाली होती. ती एकेका पानावर पाणी सोडत मोठ्यानं नावं घेत होती. आजोबांचं, मग स्तेपान, ओलेना, इवास, हान्ना. मधे आईला काहीतरी विचारलं, त्यांच्या त्या भाषेत, आणि ओलेनानं तिला उत्तर दिलं. तिच्या केसांत आता पांढरं झालं होतं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला पाय टेकून म्हणाला, "काय रशियन वहिनी, कावळे आले काय?"

"रशियाची नाय," ती मान न वळवता म्हणाली.

एक पान उरलं होतं. ते तिनं मीराकडे दिलं नाही. स्वतः पुढे झाली, ओंजळीतून पाणी सोडलं आणि हाक मारावी तसं म्हणाली, "चांगुणा!"

घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मी फाटकातच उभी राहिले, आत गेले नाही.